चपलांवर फोडलेलं खापर

मंगळवार, ४ मार्च

प्रिय सूनबाई,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे, डोळाही बरा आहे. मोतीबिंदू काढल्यापासून भिंतीवरचं एकूण एक जाळं दिसायला लागलंय, त्यामुळे डोक्याला ताप तेवढा वाढला. तुझ्या आईचं दुखणं आता कसं आहे? कोंबड्यांचं विचारू नकोस, कारण त्या राहिल्याच नाहीत.

तुला पत्र लिहायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. पण तू या घरातला एकही फोन उचलत नाहीस, माझासुद्धा नाही. मी काय केलंय गं तुझं? मी तर तेव्हा लेकीकडे डोळ्याला पट्टी बांधून पडले होते. असो. कोंबडीखाद्याची गाडी दर आठवड्याला तुमच्या बाजूला जाते, गाडीवाला चिठ्ठी न्यायला तयार आहे. उत्तर त्याच्याच हाती दे. तो वाचणार नाही. वाचलं तरी त्याला काही कळायचं नाही, तो सारखा गाणी ऐकत असतो.

लेकीकडून परत आले आणि शेडचं दार उघडलं. नुसता चुना आणि फिनेलचा वास. एवढी भरलेली शेड, दार वाजलं की सगळ्या एकदम माना वळवून बघायच्या, तिथे साधं पीसही नाही. मी तशीच पायरीवर बसले. तुझा नवरा मागे उभा राहून मला मानमोडी हा रोग कसा पसरतो ते समजावून सांगत होता. त्याच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की थांबत नाही, हे तुला मी काय सांगणार.

त्याचं म्हणणं असं, की तू आईच्या दुखण्यासाठी माहेरी राहिलीस, तिथल्या खुराड्यात वावरलीस आणि त्याच चपलांनी येऊन आपल्या शेडमध्ये शिरलीस. रोग त्या चपलांना लागून आला. मी म्हटलं, ती काय म्हणते? तर म्हणाला, ती काही म्हणालीच नाही, पिशवी भरली आणि गेली. आता मी त्या विषयात पडत नाही. दोघंही शहाणी आहात, तुमचं तुम्ही बघा. मला दुसरंच विचारायचंय.

रिकामी शेड बघत मला बसवेना. गुरांच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, जमिनीवरचं जुनं तूस जाळलंत, चुना मारलात, शेडला विश्रांती दिलीत, आता नवीन पिल्लं करायला हरकत नाही. मग मोठ्या फार्मवरून उबवायची अंडी आणली आणि शनिवारी तुझ्या मशीनमध्ये घातली. हो, तुझ्याच. घरातले सगळे त्याला तुझंच मशीन म्हणतात, आणि आता तुझ्यावाचून ते कुणाचं ऐकत नाही.

पहिली भानगड म्हणजे अंडी फिरवणं. तू करायचीस तसं मी प्रत्येक अंड्यावर एका बाजूला फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल काढला. सकाळी उठून सगळ्या फुल्या वर केल्या आणि समाधानाने चहा घेतला. तुझा नवरा उठला, न विचारता मशीन उघडलं आणि सगळे गोल वर करून ठेवले. संध्याकाळी पुन्हा तेच. दोन दिवस आम्ही दोघं इतकी मेहनत करत होतो आणि अंडी बिचारी जिथल्या तिथे. तिसऱ्या दिवशी मी त्याला रंगेहाथ पकडलं. तर मलाच म्हणतो, तू मध्ये मध्ये करू नकोस, यामागे शास्त्र आहे. मी कपाळाला हात लावला.

तर मला एवढं सांग. पाण्याचं ताट किती भरायचं? वरचं भोक उघडं ठेवायचं की बंद? आणि काट्यावर उष्णता जरा कमी दिसली तर घाबरायचं का? तुझा नवरा तीन प्रश्नांची पाच उत्तरं देतो.

मी तुला ये असं म्हणत नाहीये. फक्त अंड्यांचं विचारतेय.

तुझी,
आई

&nbsp;

रविवार, १६ मार्च

प्रिय सूनबाई,

आशीर्वाद. तुझी चिठ्ठी मिळाली. “ताट अर्धं भरा. भोक अर्धं उघडं. शेवटचे तीन दिवस अंडी फिरवायची नाहीत, ताट पूर्ण भरायचं, दार उघडायचं नाही. लस डॉक्टरीणबाईंच्याच हातून द्या.” लसीच्या ओळीखाली रेघ मारलीस. संपलं. ना नमस्कार, ना ‘डोळा कसा आहे’. मशीनमध्ये ओलावा हवा असं मला शिकवतेस आणि तुझ्या चिठ्ठीत ओलाव्याचा थेंब नाही. तरी मी ती आरशाच्या मागे खोचून ठेवली आहे आणि तुझ्या नवऱ्याला हात लावू देत नाही.

परवा खोली अंधारी करून सगळी अंडी दिव्यापुढे धरून बघितली. डोळ्याच्या डॉक्टरांनी जड उचलू नका म्हटलंय, अंडं जड नसतं. बहुतेक अंड्यांत लाल शिरांचं जाळं दिसलं, आणि मध्ये तो काळा ठिपका हलताना. नवीन डोळ्याने मी पहिल्यांदा बघितलेली चांगली गोष्ट तीच. वांझ निघाली ती बाजूला काढली. तेव्हा तू शेजारी असायला हवी होतीस, तुझ्यासारखं ‘हे बघा आई, हे बघा आई’ म्हणायला कुणी नव्हतं.

आता गाईचं ऐक. बसून वाच.

तुझ्या नवऱ्याने मागच्या पडीक तुकड्यात कुरण केलंय. गवत आणि लसूणघास मिसळून पेरलं, मध्ये दोऱ्या बांधून वाफे पाडले. आज गाय या वाफ्यात, उद्या त्या वाफ्यात, म्हणजे चरलेलं गवत पुन्हा वाढायला वेळ मिळतो. कल्पना चांगली आहे, मी नाही म्हणत नाही. घास इतका हिरवागार आलाय की बघत राहावं. पण गाईला आधी सुकी वैरण घालायची आणि मग हिरव्यात सोडायचं, तेही ऊन चढून दव वाळल्यावर, एवढं साधं कुणीही सांगेल. तुझ्या नवऱ्याने उपाशी गाय भल्या सकाळी ओल्या घासात सोडली आणि आत येऊन चहा पीत बसला.

मी बाहेर गेले तर गाईची डावी कूस ढोलासारखी फुगलेली, मान लांब केलेली, तोंडाला फेस. डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, मी निघते, तोवर गोडेतेल पाजा, पुढचे पाय उंचावर ठेवून उभी करा, बसू देऊ नका, चालवा. मी घरातली तेलाची बरणीच नेली. गाईने अर्धं प्यायलं आणि अर्धं माझ्या पदरावर ओतलं. तिला अंगणात फेऱ्या मारायला लावत होतो, ती पुढे, मी मागे, आणि तुझा नवरा फोनवर पोटफुगीची माहिती मोठ्याने वाचत आमच्या शेजारून चालत होता. गाय वाचली. तिने एवढा मोठा ढेकर दिला की मला हसू आवरेना.

पण त्यानंतर जे झालं त्याने मात्र हसू गेलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, गाय ओल्यात गेली कशी? तर हा शांतपणे म्हणतो, “आईने रात्री फाटकाची कडी लावली नसणार. डोळ्याचं ऑपरेशन झालंय ना, दिसत नाही तिला.”

अगं, मी कडी लावली होती. त्यानेच सकाळी काढली, मी खिडकीतून बघितलं. माझ्यादेखत, माझ्या तोंडावर. आणि चेहरा इतका सरळ, की क्षणभर मलाच वाटलं, लावली होती ना मी? रात्रभर मी ती कडी आठवत पडले होते. सकाळी त्याला विचारलं, तर म्हणाला, एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलीस, गाय वाचली ना.

तेव्हापासून एक विचार डोक्यात शिरलाय आणि मी तो पुन्हा पुन्हा बाहेर ढकलतेय. त्याबद्दल आज लिहीत नाही.

गाडीवाला सांगत होता की तुझ्या आईची खुराडी रिकामी आहेत. मी म्हटलं, तिथेही मानमोडी आली? तर म्हणाला, छे, एकही कोंबडी आजारी नव्हती, धडधाकट होत्या. पण अंड्यांच्या व्यापाऱ्याने अंडी उचलणं बंद केलं. तिथून रोग जातो असं त्याच्या कानावर आलं म्हणे. कुणी घेईना, खाद्य तर रोज लागतं, शेवटी त्यांनी सगळ्या कोंबड्या खाटकाला दिल्या. व्यापाऱ्याच्या कानावर कुणी घातलं ते मी गाडीवाल्याला विचारलं नाही. तो साहेबांचं नाव घेईल अशी भीती वाटली. तुझ्या नवऱ्याला तो ‘साहेब’ म्हणतो.

तू मला हे चिठ्ठीत का नाही कळवलंस?

तुझी,
आई

&nbsp;

रविवार, ३० मार्च

प्रिय सूनबाई,

आशीर्वाद. पिल्लं झाली.

आधी तेच सांगते, कारण ते सांगायला मला आवडतंय. एकवीस तारखेला, शुक्रवारी संध्याकाळी मशीनमधून बारीक चिवचिव यायला लागली, अंडं फुटायच्या आधीच, आतूनच. मी कान लावून बसले. शनिवारी सकाळी पहिल्या अंड्याला टोचा पडला. तुझ्या नवऱ्याला लगेच दार उघडून व्हिडिओ काढायचा होता. मी स्टूल घेतलं आणि मशीनच्या दाराला पाठ लावून बसले. म्हटलं, उघडायचं असेल तर मला उचल. आतली ओली हवा गेली की कवचाखालचा पापुद्रा वाळतो आणि पिल्लू आतच चिकटून बसतं, हे तुझ्या चिठ्ठीत नव्हतं पण तू मला कधीतरी सांगितलेलं होतं. तो म्हणाला, “आई, काचेतून नीट दिसत नाही.” मी म्हटलं, मला दिसतंय. जेवणसुद्धा स्टुलावरच घेतलं.

काय तो सोहळा. एकेक ओलं, केविलवाणं, मान टाकलेलं पिल्लू बाहेर पडायचं, आणि तासाभराने बघावं तर पिवळा कापूस होऊन दुसऱ्याच्या डोक्यावरून चालत असायचं. काही कवचात राहिली. ते दोन दिवस आम्ही एकमेकांविरुद्ध अंडी फिरवली त्याची शिक्षा त्यांना झाली असेल, किंवा तेवढी राहतातच. बाकीची ब्रूडरमध्ये, दिव्याच्या उबेत आहेत. तू सांगायचीस तसं बघते, दिव्याखाली गर्दी केली तर त्यांना थंडी वाजतेय, लांब पळाली तर उकडतंय, सगळीकडे पसरली असतील तर आपण चहा प्यायला मोकळे. आता पसरलेली आहेत.

पण मी चहा प्यायलेला नाही. दोन घोट घेतले आणि ठेवून दिला. आता पुढचं लिहायला हवं.

काल डॉक्टरीणबाई लस द्यायला आल्या. लहान पिल्लांना मानमोडीची लस डोळ्यात थेंब टाकून देतात. मी एकेक पिल्लू हातात धरायची, त्या थेंब टाकायच्या. तुझा नवरा दारात उभा राहून बघत होता. थोड्या वेळाने कंटाळून म्हणाला, “एवढा व्याप कशाला? पाण्यातून द्या ना. मोठ्या कोंबड्यांना मी पाण्यातूनच दिली होती.”

त्या म्हणाल्या, “मोठ्यांना चालते पाण्यातून. तुम्ही दिली होती? मला वाटलं सूनबाईंनी दिली.”

“ती माहेरी होती. मीच दिली. एकदम व्यवस्थित. पाणीसुद्धा आधी शुद्ध करून घेतलं, त्यात ती पावडर टाकली, आणि मग लस कालवली. मी स्वच्छतेत तडजोड करत नाही.”

डॉक्टरीणबाईंचा हात थांबला. माझ्या मुठीत पिल्लू तसंच. त्यांनी विचारलं, “पावडर टाकलेल्या पाण्यात लस घातलीत?”

“हो. जंतू मरायला नकोत का?”

“साहेब, ती लस म्हणजे जंतूच असतात. अशक्त केलेले, पण जिवंत. तुमच्या पावडरीने ते पाच मिनिटांत मेले. तुम्ही कोंबड्यांना लस दिलीच नाहीत, नुसतं पाणी पाजलंत.”

मग मीच विचारलं, की समजा चपलांना लागून रोग आला असता तर? त्या म्हणाल्या, “मानमोडी वाऱ्याने येते, कावळ्याने येते, खाद्याच्या गाडीच्या चाकाने येते. ती येणारच, म्हणून तर लस. लस लागली असती तर शेड वाचली असती. आणि सूनबाईंच्या माहेरी एकही कोंबडी मेली नाही. जिथे रोगच नव्हता तिथून त्या आणणार काय?” मग पुढचं पिल्लू मागितलं. मी दिलं. दोन थेंब माझ्या बोटांवर पडून वाया गेले.

तुला संशय होता, हो ना? म्हणून त्या ओळीखाली रेघ मारलीस. आणि बोलली नाहीस, कारण बोलली असतीस तरी तो आणखी तासभर तुलाच समजावत बसला असता. मी त्याची आई आहे, मला माहीत आहे.

चूक झाली, त्याचं मला काही नाही. मी स्वतः शेळ्यांना चुकीचं औषध पाजलेलं आहे, कुणाच्या हातून होत नाही? मला चीड आली ती नंतरची. डॉक्टरीणबाई गेल्यावर म्हणतो, “आई, हे आता तिला कळवायची गरज नाही. झालं ते झालं. राग निवळला की येईल ती आपोआप.” मी म्हटलं, आणि तिच्या आईच्या कोंबड्या? त्या कशा येतील आपोआप? तर म्हणाला, “मी कुठे म्हटलं होतं विकायला?”

सूनबाई, मी हा मुलगा वाढवला. तो खोटं बोलतो असं मला आजवर वाटलं नव्हतं. तो खोटं बोलतही नाही, हीच तर पंचाईत आहे. तो आधी स्वतःला पटवून देतो आणि मग जगाला सांगतो, आणि तोवर त्याचा स्वतःचा खरंच विश्वास बसलेला असतो. माझ्या जिवाची नुसती लाही होतेय.

मी त्याला बजावलंय. येत्या शनिवारी खाद्याच्या दुकानात कोंबडीवाल्यांची बैठक आहे आणि रोगांपासून बचाव या विषयावर बोलायला त्यालाच बोलावलंय. हसू नकोस. व्यापारीही येणार आहे. मी म्हटलं, तिथे उभा राहा आणि सांग की लस माझ्या हातून वाया गेली, सासरवाडीच्या कोंबड्या निरोगी होत्या. एवढी दोन वाक्यं. मग तिला फोन कर, मग तिच्या आईच्या पायाशी जा. तो नखं बघत बसला. मग म्हणाला, “बघतो.”

मी त्याच्यावर भरवसा ठेवतेय. शेवटचा.

तुझी,
आई

&nbsp;

रविवार, ६ एप्रिल

विहीणबाई,

सादर नमस्कार. तुमचं दुखणं आता उतरणीला लागलं असेल अशी आशा करते. आजवर आपलं बोलणं म्हणजे ‘कशा आहात’ आणि ‘मुलांचं कसं चाललंय’ यापुढे कधी गेलं नाही. तुम्ही नेहमी अदबीने बोलत आलात आणि मी मुलाची आई म्हणून ती अदब घेत आले. आज मात्र मी तुम्हाला लिहितेय, सुनेला नाही, कारण जे सांगायचंय ते मी आधी तुमचं देणं लागते.

काल दुकानात बैठक झाली. गोदामात खाद्याची पोती मागे सारून खुर्च्या मांडल्या होत्या. कोंबडीवाले, व्यापारी, डॉक्टरीणबाई, गाडीवाला, सगळे होते. मी मागच्या रांगेत बसले. मुलगा बोलायला उभा राहिला. बोलतो चांगला. शेडच्या दारात औषधाचं पाणी ठेवावं, नवीन पक्षी आणले तर वेगळे ठेवावेत, बाहेरच्या माणसाला आत घेऊ नये, सगळं बरोबर सांगितलं. मी वाट बघत होते. मनात म्हणत होते, आता सांगेल, आता सांगेल.

मग तो म्हणाला, “उदाहरण माझ्याच घरचं देतो. माझी पत्नी माहेरच्या खुराड्यातून आली, चपला बदलल्या नाहीत, आणि आमची पूर्ण शेड गेली. एवढीशी बेपर्वाई.”

सगळं माहीत असून. आठवडाभर आधी कानाने ऐकून.

मी उभी राहिले. मला माणसांसमोर बोलायची सवय नाही, लग्नकार्यातसुद्धा मी स्वयंपाकघराकडे असते. पण उभी राहिले आणि म्हटलं, “पाण्यात पावडर टाकून लस कुणी मारली तेही सांग.”

तो म्हणाला, “आई, खाली बस.”

मी म्हटलं, “तू सांगत नसशील तर मी सांगते.” आणि सांगितलं. लस कुणी दिली, कशी दिली, त्या वेळी सून कुठे होती, तुमच्याकडे एकही कोंबडी आजारी नव्हती आणि तरीही तुमच्यावर काय पाळी आली, सगळं. आवाज चिरकत होता, मध्येच खोकला आला, कुणीतरी पाणी दिलं ते पिऊन पुढे सांगितलं. व्यापाऱ्याने डॉक्टरीणबाईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, “त्या म्हणतात ते खरं आहे.” मुलगा पोत्यांच्या कडेने बाहेर निघून गेला. बैठक तिथेच संपली.

व्यापारी नंतर माझ्याजवळ आला आणि विचारायला लागला की त्या बाई पुन्हा कोंबड्या करतील का, आम्ही अंडी घेऊ. मी म्हटलं, मला काय विचारता, त्यांच्या दारात जाऊन विचारा. तो येईल. आलाच तर लगेच आत बोलावू नका, थोडा वेळ दारात ताटकळू दे. एका वाक्यावर विश्वास ठेवून त्याने तुमचा धंदा बसवला, एक फोन करून विचारायचे कष्ट घेतले नाहीत.

मुलगा घरी आल्यावर म्हणाला, “तू माझी चारचौघांत लाज काढलीस.” मी म्हटलं, तू तुझ्या बायकोची काढलीस तेव्हा किती जण होते ते मोजलंस का? तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. आपलं ताट घेऊन कुरणाच्या कडेला जाऊन जेवतो. मला वाईट वाटतं. पोटचा आहे, वाटणारच. पण केल्याचा पश्चात्ताप नाही, एवढं मी तुम्हाला खरं सांगते.

माझ्या मनात होतं की आता झालेल्या पिल्लांतली निम्मी तुमच्याकडे घेऊन यावीत. डॉक्टरीणबाई नको म्हणाल्या. आमच्या शेडमध्ये रोग होऊन गेलाय, इथलं पाखरू इतक्यात दुसऱ्याच्या खुराड्यात नेऊ नये. त्यांचं म्हणणं बरोबर आहे. म्हणजे बघा, ज्यांनी तुमच्यापासून लांब राहायला हवं होतं ते आम्हीच. खुराडी भरून द्यायची तर ती दुसऱ्या फार्मवरच्या पिल्लांनीच, आणि ती मी भरून देणार आहे. तुम्ही नको म्हणाल, तरी देणार आहे.

मंगळवारी मी खाद्याच्या गाडीतून तुमच्याकडे येतेय. रिकाम्या हाताने. सुनेला न्यायला येत नाहीये, तिला तसं सांगा, नाहीतर ती मागच्या दाराने निघून जाईल. तिची मला फार आठवण येते, ती इथे असावी असं मला रोज वाटतं, पण परत चल म्हणायचा हक्क माझा नाही. ते ज्याने म्हणायचं त्याने स्वतःच्या पायाने चालत यावं आणि स्वतःच्या तोंडाने म्हणावं, आणि त्यावर काय करायचं ते तिने ठरवावं. नाही आली तरी मी तिची बाजू सोडणार नाही.

मी येतेय ती तुमची माफी मागायला. तुम्ही दार उघडलं नाहीत तरी मी समजून घेईन, पायरीवर बसून बोलेन आणि त्याच गाडीने परत जाईन.

आपली,
ज्याने तुमच्यावर आळ घेतला, त्याची आई